डॉ. कमल रणदिवे आणि तुमच्या हातातला आतड्याच्या कर्करोगाचा रिपोर्ट

तुमच्या घरात कुणाला मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग झाला असेल, तर बायोप्सीच्या पहिल्या रिपोर्टनंतर काही दिवसांनी आणखी एक कागद तुमच्या हातात येतो. पहिल्या रिपोर्टमध्ये निदान कळलेलं असतं. दुसऱ्या कागदावर मात्र एमएलएच१, पीएमएस२, एमएसआय, केआरएएस, बीआरएएफ अशी अक्षरं असतात. काहींपुढे पॉझिटिव्ह लिहिलेलं असतं, काहींपुढे निगेटिव्ह. कोणतं चांगलं आणि कोणतं वाईट, हे कळत नाही. मग तो कागद घेऊन लोक आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे येतात. कल्याण-डोंबिवलीच्या माझ्या दवाखान्यात असे कागद आता पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले आहेत.

हा कागद समजावून सांगताना मला नेहमी एका बाईंची आठवण होते. त्यांचं नाव डॉ. कमल रणदिवे. त्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, संशोधक होत्या. आतड्याच्या कर्करोगावर त्यांनी खास काम केलं असंही नाही. पण त्या कागदावरच्या अक्षरांमागे जो विचार आहे, तो आपल्याकडे ज्यांनी आयुष्यभर प्रयोगशाळेत राबवला, त्यांत त्या अगदी पुढे होत्या. एकाच अवयवाचा कर्करोग सगळ्यांमध्ये सारखा नसतो आणि फरक पेशीच्या आत असतो, हा तो विचार. त्यांची गोष्ट समजली की रिपोर्टही बराचसा समजतो. म्हणून आज दोन्ही एकत्र सांगतो.

पुण्यातलं घर

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलांनी, आणि मुलींनीही, भरपूर शिकावं असा त्यांचा आग्रह होता. कमलताईंचं शालेय शिक्षण हुजूरपागेत झालं.

वडिलांची इच्छा होती की मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. कमलताईंनी या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. आपल्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी सातासमुद्रापार गेल्या आणि पदवी घेऊन आल्यावर काही महिन्यांतच गेल्या, ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. कमलताईंची वाट वेगळी होती. फर्ग्युसनमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. १९३९ च्या मे महिन्यात गणिताचे अभ्यासक जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि बिऱ्हाड मुंबईत आलं. लग्नानंतर शिक्षण थांबलं नाही. पतीनं त्यांच्या अभ्यासाला मनापासून साथ दिली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी १९४३ मध्ये एम.एस्सी. पूर्ण केलं.

सीताफळातली गुणसूत्रं

या एम.एस्सी.चा विषय ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. सीताफळ, रामफळ ज्या कुळात येतात, त्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांचा अभ्यास त्यांनी केला. कर्करोगाशी त्याचा काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. संबंध आहे, आणि तोच आज तुमच्या रिपोर्टवर दिसतो.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक केंद्र असतं. त्यात गुणसूत्रं असतात आणि गुणसूत्रांवर जनुकं असतात. घर बांधायचा नकाशा जसा गुंडाळ्या करून ठेवतात, तसं समजा. सीताफळाच्या पेशीत अशी १४ गुणसूत्रं असतात, माणसाच्या पेशीत ४६. पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात, तेव्हा या सगळ्या नकाशाची नक्कल निघते आणि दोघींना एकेक पूर्ण प्रत मिळते.

जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ मध्येच एक पुस्तक लिहून असा तर्क मांडला होता की ही वाटणी चुकली, कुणाला गुणसूत्रं कमी आणि कुणाला जास्त मिळाली, तर त्यातून कर्करोग सुरू होत असावा. त्यांनी हे समुद्रातल्या काटेरी जीवांच्या अंड्यांवर काम करताना ओळखलं होतं. पण तेव्हा हे माणसात पाहण्याची साधनंच नव्हती. कमलताई सीताफळाची गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजत होत्या, त्या काळात माणसाची गुणसूत्रं नेमकी किती, हेही जगाला बरोबर माहीत नव्हतं. पुस्तकांत ४८ हा आकडा चालत होता. ४६ हा बरोबर आकडा ठरला १९५६ मध्ये.

म्हणजे झाडांवर हा अभ्यास करणारी मुलगी पुढच्या मोठ्या प्रश्नासाठी तयार होत होती: पेशी आपला नकाशा सांभाळते कशी, आणि तो बिघडला की काय होतं?

परळमधले चार जातींचे उंदीर

मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या पॅथॉलॉजीचे ते आद्य पुरुष मानले जातात. आपल्याकडचे कर्करोग परदेशातल्या पुस्तकांत लिहिलेल्या कर्करोगांपेक्षा वेगळे का दिसतात, हा त्यांचा ध्यास होता. घट्ट धोतराच्या घर्षणानं कमरेला होणारा कर्करोग, तंबाखू तोंडात ठेवल्यानं होणारा कर्करोग, असे आजार त्यांनी बारकाईनं नोंदवले.

कमलताई टाटामध्ये काम करू लागल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी अभ्यास सुरू झाला. त्यांनी उंदरांच्या चार वेगवेगळ्या जाती घेतल्या. काही जातींत स्तनाचा कर्करोग वारंवार होई, काहींत क्वचित. या चारही जातींच्या निरोगी स्तनग्रंथी शेजारी शेजारी ठेवून त्यांनी पाहिल्या. गाठ होण्याआधीच त्यांच्यात काही फरक असतो का, हा त्यांचा प्रश्न होता.

यातला मुद्दा लक्षात घ्या. पिंजरा सारखा, दाणा सारखा, पाणी सारखं, तरी एका जातीला कर्करोग होतो आणि दुसरीला होत नाही. म्हणजे कारण केवळ बाहेर नाही, आतही आहे. पुढे त्यांनी या कामात संप्रेरकांचा आणि आईच्या दुधातून पिल्लांकडे जाणाऱ्या विषाणूचा भागही तपासला. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू हे तिन्ही मिळून धोका कसा ठरवतात, हे पाहणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९४९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

आज तुम्ही विचारता, की डॉक्टर, आमच्या घरात कुणी दारू पीत नाही, मांस खात नाही, मग ह्यांनाच का? याचं प्रामाणिक उत्तर त्या चार पिंजऱ्यांतच आहे. प्रत्येक वेळी चूक माणसाची नसते.

बाल्टिमोरची काचनळी

खानोलकरांनी त्यांना अमेरिकेत जाऊन शिकायला सुचवलं. फेलोशिप मिळाली आणि त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत माणसाच्या पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचं तंत्र गाय विकसित करत होते. याला ऊतिसंवर्धन किंवा टिश्यू कल्चर म्हणतात.

याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या पेशी आजही जगभर वाढत आहेत आणि त्यांना हेला पेशी म्हणतात. लॅक्सबाईंना किंवा त्यांच्या कुटुंबाला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. त्यांचं त्याच वर्षी निधन झालं. आज तुमच्या नमुन्यावर संशोधन करायचं असेल तर संमतीपत्रावर सही घेतात, त्याच्या मागे अशा घटनांचा धडा आहे.

हेला पेशींमध्ये ४६ ऐवजी सत्तरहून अधिक गुणसूत्रं आढळतात. बोव्हेरींनी ज्याचा तर्क केला होता, ते इथे नळीत डोळ्यांना दिसत होतं. कर्करोगाची पेशी केवळ वेगानं वाढत नाही, ती आपला नकाशाही नीट सांभाळू शकत नाही. याला जनुकीय अस्थिरता म्हणतात.

परत मुंबईत

कमलताई परत आल्या. भारतीय कर्करोग संशोधन केंद्र परळला १९५२ मध्ये सुरू झालं होतं. तिथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पेशींना वाढायला जे द्रव लागतात, ते तेव्हा बाहेरून मागवावे लागत. त्यांनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकलेली तरुण मुलं-मुली जमवून ही द्रव्यं इथेच तयार करायला घेतली. कर्करोग कसा सुरू होतो, पेशी कशी चालते, शरीराची प्रतिकारशक्ती गाठीशी कशी वागते, यासाठी स्वतंत्र विभाग सुरू केले. हे तिन्ही विषय आज तुमच्या रिपोर्टवर एकत्र आलेले आहेत.

१९६४ मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना मिळाला. १९६६ मध्ये हॉस्पिटल आणि संशोधन केंद्र मिळून टाटा मेमोरियल सेंटर झालं. तेव्हापासून १९७० पर्यंत त्यांनी संशोधन संस्थेच्या प्रभारी संचालक म्हणून काम पाहिलं. कुष्ठरोगाच्या जंतूंवरच्या त्यांच्या कामातून पुढे लसीचं संशोधन झालं. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

ती संशोधन संस्था नंतर खारघरला गेली. ठाण्याहून पनवेलची गाडी पकडली की खारघर स्टेशन लागतं. आपल्याकडचे बरेच रुग्ण आता उपचारांसाठी तिथेही जातात.

आतड्याच्या पेशीत नेमकं काय बिघडतं

आता तुमच्या कागदाकडे येऊ. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी साधारण चार-पाच दिवसांत बदलतात. म्हणजे तिथे नकाशाच्या नकला सतत निघत असतात. इतक्या नकला म्हटल्यावर चुका होणारच. त्या दुरुस्त करणारी यंत्रणाही पेशीत असते. कर्करोगात हे काम मुख्यतः दोन प्रकारांनी बिघडतं.

पहिला प्रकार: गुणसूत्रांची अस्थिरता. गुणसूत्रांचे तुकडे पडतात, काही हरवतात, काही जास्तीची येतात. आतड्याचे बहुतेक कर्करोग या वाटेनं जातात. एपीसी नावाचं जनुक बिघडतं, आधी मोड किंवा पॉलिप येतो आणि काही वर्षांत त्याचा कर्करोग होऊ शकतो. कोलोनोस्कोपीत पॉलिप काढून टाकला तर पुढचा धोका टळतो तो यामुळेच.

दुसरा प्रकार: दुरुस्ती यंत्रणा बंद पडणं. इथे गुणसूत्रं मोजायला गेलं तर ठीक दिसतात, पण अक्षरांच्या बारीक चुका साठत जातात. छापखान्यात मुद्रितशोधक रजेवर गेला तर पुस्तकात जशा चुका राहतील, तसं. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ हे चार मुद्रितशोधक आहेत. यांच्यापैकी कुणी काम करत नसेल तर रिपोर्टवर डीएमएमआर किंवा एमएसआय-हाय असं लिहितात. चौघेही हजर असतील तर पीएमएमआर किंवा एमएसएस लिहितात. आतड्याच्या सर्व कर्करोगांपैकी साधारण १०० मध्ये १५ डीएमएमआर असतात. आजार शरीरभर पसरलेल्या रुग्णांत मात्र हे प्रमाण १०० मध्ये ५ च्या आसपास असतं.

वाचताना एक घोळ नेहमी होतो. या चार नावांपुढे प्रथिन आहे किंवा शाबूत आहे असं लिहिलं असेल तर तो आजार पॉझिटिव्ह आल्याचा अर्थ नाही. मुद्रितशोधक जागेवर आहे, एवढंच ते सांगतं.

२०१५ मध्ये जगभरातल्या गटांनी आपापली माहिती एकत्र करून आतड्याच्या कर्करोगाचे चार रेणवीय प्रकार ठरवले. पहिल्यात प्रतिकारशक्तीच्या पेशी गाठीत गर्दी करतात, दुसरा नेहमीच्या वाटेचा, तिसऱ्यात पेशीचा चयापचय बदललेला असतो आणि चौथा आजूबाजूला पसरण्याकडे कल असणारा. संशोधनात ही विभागणी फार उपयोगाची आहे. पण रोजच्या उपचारांत डॉक्टर त्यावरून औषध ठरवत नाहीत, म्हणून तुमच्या रिपोर्टवर ती दिसली नाही तर काही राहून गेलं असं समजू नका.

प्रकार कळल्यानं उपचारांत काय बदलतं

* डीएमएमआर, दुसरा टप्पा, ऑपरेशन झालेलं: अशा रुग्णांचं भवितव्य सहसा चांगलं असतं. फक्त ५-एफयू गटातली केमोची औषधं दिल्यानं त्यांना फायदा दिसलेला नाही. त्यामुळे बऱ्याच जणांची केमो टळू शकते.
* डीएमएमआर, पसरलेला आजार: या गाठींत चुका इतक्या असतात की शरीराच्या सैनिक पेशींना त्या परक्या वाटतात. इम्युनोथेरपी या सैनिकांवरचा ब्रेक काढते. ३०७ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत पेंब्रोलिझुमॅब दिलेल्या गटात आजार निम्म्या रुग्णांमध्ये १६.५ महिन्यांपर्यंत आटोक्यात राहिला, केमोच्या गटात ८.२ महिने. याचे निकाल २०२० मध्ये आले.
* डीएमएमआर, गुदाशयाचा स्थानिक आजार: २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी पहिल्या १२ रुग्णांचे निकाल दिले. सहा महिने डोस्टार्लिमॅब दिल्यावर बाराही जणांची गाठ तपासण्यांत दिसेनाशी झाली होती. गुदाशयाच्या कर्करोगात हा प्रकार कमी आढळतो, पण आढळला तर ऑपरेशन आणि पोटावरची पिशवी टळण्याची शक्यता असते. म्हणून तपासणी उपचार सुरू होण्याआधी हवी.
* केआरएएस, एनआरएएस: साधारण निम्म्या रुग्णांत ही जनुकं बदललेली असतात. तसं असेल तर सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही महागडी इंजेक्शनं काम करत नाहीत. गाठ आतड्याच्या उजव्या बाजूला असेल तरीही या औषधांचा उपयोग सहसा कमी होतो.
* बीआरएएफ व्ही६००ई: हा बदल १०० मध्ये ८ ते १० जणांत असतो. पसरलेल्या आजारात तो असेल तर आजार आक्रमक मानतात. त्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बहुतेकांचा रिपोर्ट पीएमएमआर येतो. तो आला म्हणजे नशीब फुटलं असं नाही. ऑपरेशन, केमो, गुदाशयासाठी रेडिएशन ही नेहमीची औषधयोजना याच रुग्णांवर वर्षानुवर्षं काम करत आली आहे. पण शेजाऱ्यांनी इम्युनोथेरपीचा व्हिडिओ पाठवला म्हणून जमीन विकून ते इंजेक्शन घेण्याआधी रिपोर्टवरची ही एक ओळ डॉक्टरांकडून समजून घ्या.

घरातल्या इतरांचं काय

कमलताईंच्या उंदरांत धोका पिढ्यान् पिढ्या चालत होता. माणसांतही काही घराण्यांत तसं होतं. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डॉ. वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं १८९५ मध्ये त्यांना आपल्या घराण्यात पोटाचे आणि गर्भाशयाचे कर्करोग किती झाले ते सांगितलं होतं, आणि आपणही त्यानंच जाऊ अशी भीती बोलून दाखवली होती. ती भीती खरी ठरली. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची नोंद १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा पाठपुरावा केला, म्हणून याला लिंच सिंड्रोम म्हणतात. त्यामागची मुद्रितशोधक जनुकं १९९३ पासून एकेक करून सापडली.

आतड्याचा कर्करोग झालेल्या १०० पैकी साधारण तिघांना लिंच असतो. त्यांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो बिघाड मिळण्याची शक्यता निम्मी असते. बिघाड मिळाला म्हणजे कर्करोग झालाच असं नाही, पण धोका खूप वाढतो. अशा व्यक्तींची कोलोनोस्कोपी साधारण विशी-पंचविशीपासून, काही जनुकांत थोडी उशिरा, दर एक-दोन वर्षांनी करतात. बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाकडेही लक्ष ठेवावं लागतं.

म्हणून डीएमएमआर रिपोर्ट आला की तो फक्त रुग्णाचा राहत नाही. एमएलएच१ गेलेलं असेल तर आधी बीआरएएफ किंवा मिथायलेशनची तपासणी करतात, कारण वयानुसार होणारा, वारशानं न आलेला बिघाडही असतो. तसं नसेल तर रक्ताची जनुकीय तपासणी आणि समुपदेशन लागतं.

इथे मला आपल्या घरांतली एक सवय आडवी येताना दिसते. आत्याला पोटाचं काहीतरी झालं होतं, एवढंच सांगितलं जातं. कर्करोग हा शब्द उच्चारत नाहीत. मुलीचं लग्न ठरायचं आहे म्हणून लपवतात. मुलीला सांगितलं तर ती वेळेवर तपासणी करून घेईल आणि वाचेल. लपवलं तर तिला फक्त धोका मिळेल, माहिती मिळणार नाही.

मूळव्याध समजून घालवलेले महिने

आपल्या देशात हा आजार तरुण वयातही बऱ्याच जणांना होतो आणि गुदाशयाच्या गाठींचं प्रमाण लक्षणीय आहे. डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडणारा चाळिशीचा माणूस शौचातून रक्त गेलं की मेडिकलमधून मूळव्याधीचं मलम घेतो. आम्हा जनरल प्रॅक्टिशनर मंडळींकडूनही ही चूक होते. माझ्याकडूनही झाली आहे. गर्दीच्या वेळी बोटानं तपासणी न करता गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या रुग्णाचे दोन महिने वाया गेले, आणि ते मी विसरलेलो नाही.

रक्त जाणं, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, कारण नसताना वजन घटणं, पोट साफ न झाल्याची भावना, पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या बायकांत लोह कमी होऊन आलेला अशक्तपणा, यांतलं काहीही असेल तर तपासणी मागून घ्या. मूळव्याध आणि कर्करोग एकाच वेळी असू शकतात. डॉक्टरनं तपासलं नाही तर तुम्ही आठवण करून द्या. त्यात त्याचा अपमान नाही.

अखेरची वर्षं

१९७३ मध्ये कमलताईंनी काही सहकारी शास्त्रज्ञ स्त्रियांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. तिचं मुख्यालय आपल्या ठाणे जिल्ह्यात, वाशीला आहे. विज्ञान शिकलेल्या बाईला काम सोडावं लागतं ते बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, तर मूल कुठे ठेवायचं आणि राहायचं कुठे हे प्रश्न सुटत नाहीत म्हणून. त्यामुळे संघटनेनं वसतिगृह आणि पाळणाघरासारखी कामंही हाती घेतली.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली, गावोगावच्या बायकांना आरोग्याची माहिती दिली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणारी व्यक्ती शेवटी मुलांच्या ताटात काय आहे हे पाहायला गेली. एप्रिल २००१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्याला आता दोन तपं उलटून गेली. आज ज्या तपासणीवरून तुमच्या माणसाचं औषध ठरतं, ती त्यांच्या हयातीत इथल्या रुग्णांपर्यंत नेहमीची म्हणून पोहोचली नव्हती.

डॉक्टरांना भेटायला जाताना

पुढच्या भेटीत हे प्रश्न एका कागदावर लिहून न्या:

१. गाठीची एमएमआर किंवा एमएसआय तपासणी झाली आहे का? नसेल तर बायोप्सीच्या जुन्या ब्लॉकवर करता येईल का?

२. आजार पसरलेला असेल तर केआरएएस, एनआरएएस आणि बीआरएएफ तपासले का?

३. या निकालांमुळे आमच्या उपचारांत नेमकं काय बदलणार आहे?

४. आमच्या घरातल्या भावंडांनी आणि मुलांनी कोणती तपासणी, कोणत्या वयात करायची?

५. या तपासण्यांचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किंवा आमच्या विम्यात बसतो का? याबद्दल हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्रालाही विचारा.

इथल्या हॉस्पिटलात ऑपरेशन होऊन पुढे परळ किंवा खारघरला जाणार असाल तर फक्त रिपोर्टच्या झेरॉक्स नेऊ नका. मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या, पावती जपा. ते ब्लॉक उन्हात किंवा गरम गाडीत ठेवू नका. काढलेला प्रत्येक पॉलिप, प्रत्येक गाठ हिस्टोपॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे, असं आधीच सांगून ठेवा. नखाएवढ्या त्या तुकड्यात तुमच्या माणसाच्या आजाराची स्वतःची ओळख असते.

रिपोर्ट समजला नाही तर लाजू नका. आपल्या फॅमिली डॉक्टरसमोर तो कागद ठेवा आणि एकेक ओळ विचारा. त्यालाही कळलं नाही तर तो ऑन्कोलॉजिस्टला फोन करील. मीही करतो.

(हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या उपचारांचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्या.)